बोनेरचं शोअर डायव्हिंग : शिसं किती, वारा कुठला, हातमोजे का नाहीत

सागरगोटा
कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर आठ दिवस जायचं ठरतंय. चौघं आहोत. दोघांकडे ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या पातळीचं, कार्ड आहे, एकीला फक्त स्नॉर्केलिंग करायचंय आणि एकाला विंडसर्फिंग शिकायचंय. प्रश्न असे :
१. गाईडशिवाय किनाऱ्यावरून डाईव्ह करता येते, हे खरं का?
२. हातमोजे चालत नाहीत म्हणे. मग धारदार खडकावरून पाण्यात उतरायचं कसं?
३. पोवळ्यांचा कसलासा रोग आलाय. त्यासाठी सामान धुवायचं म्हणजे नक्की काय करायचं?
जाहिरातीतली माहिती नको, तपशील हवेत.

खाजणवाट
पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. बेटाच्या पश्चिमेच्या, म्हणजे वाऱ्याआडच्या बाजूला रस्ता समुद्राला लागून जातो. रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड दिसतील, त्यांच्यावर डाईव्ह साईटचं नाव असतं. गाडी लावायची, सामान चढवायचं, उतरायचं. बोट नाही की वेळापत्रक नाही.

फक्त हे सगळं मरीन पार्कच्या हद्दीत चालतं, हे विसरू नका. १९७९ साली पार्क झालं. भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत बेटाभोवतालचा सगळा समुद्र त्यात येतो, समोरचं क्लाईन बोनेरही येतं. स्टिनापा ही संस्था ते चालवते. १९९२ मध्ये त्यांनी डायव्हरकडून वर्षाला १० डॉलर घ्यायला सुरुवात केली आणि पार्क स्वतःच्या पायावर उभं राहिलं. आता ही नेचर फी ४० डॉलर आहे. ती कॅलेंडर वर्षाची असते आणि स्नॉर्केल करणाऱ्यांना, विंडसर्फिंगवाल्यांनाही भरावी लागते. निघण्यापूर्वी ऑनलाईन भरा आणि पावती फोनमध्ये ठेवा. हीच पावती वॉशिंग्टन स्लाखबाई या राष्ट्रीय उद्यानातही चालते. बेटाचा प्रवेशकर वेगळा भरायचा, तो ७५ डॉलर.

फी भरली म्हणजे लगेच कुठेही उडी मारता येते, असं नाही. पहिली डाईव्ह ज्यांच्याकडून हवेच्या टाक्या घ्याल त्यांच्याच समोरच्या रीफवर (पोवळ्यांच्या खडकावर) करायची. तिला चेक डाईव्ह म्हणतात आणि ती सक्तीची आहे. पुष्कळजण ती उरकून टाकतात. माझ्या मते आठवड्यातली सगळ्यात कामाची डाईव्ह तीच, कारण शिशाचा, म्हणजे पाण्याखाली जायला कमरेला बांधायच्या वजनाचा, हिशेब तिथेच लागतो.

शिसंभर
खाजणवाट यांच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. रीफचं नुकसान मुद्दाम करणारे थोडे असतात. बहुतेक मोडतोड जास्त शिसं बांधलेल्या माणसाच्या फिन्समुळे (पायातल्या रबरी वल्ह्यांमुळे) होते. शिसं जास्त झालं की तोल राखायला अंगातल्या फुगणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरावी लागते. हवेचा फुगा वर, शिसं कमरेला खाली, त्यामुळे शरीर तिरकं होतं. पाय खाली लोंबकळतात आणि प्रत्येक लाथ पोवळ्याला नाहीतर वाळूला बसते. उडालेली वाळू पोवळ्यावर बसली तर तेही नुकसानच.

हिशेब असा करा. बोनेरला सहसा ॲल्युमिनियमची ८० घनफुटी टाकी मिळते. भरलेली असताना तिच्यात साधारण पावणेतीन किलो हवा असते. डाईव्ह संपता संपता त्यातली बरीच गेलेली असते आणि सुरुवातीला बुडणारी टाकी शेवटी तरंगायला लागते. म्हणून वजनाची परीक्षा भरल्या टाकीने करू नका.

चेक डाईव्हच्या शेवटी ५ मीटरवर या. टाकीत ५० बार (बार हे हवेच्या दाबाचं माप) उरलेले असावेत. जॅकेट पूर्ण रिकामं करा आणि संथ श्वास घेत राहा. श्वास घेताना जरा वर, सोडताना जरा खाली, एवढंच व्हायला हवं. बुडायला लागलात तर अर्धा-एक किलो काढा. वर जायला लागलात तर एक किलो वाढवा. भरल्या टाकीनेच तपासायचं असेल तर गेलेल्या हवेपोटी दोनेक किलो धरून ठेवा.

पाणी वर्षभर २६ ते २९ अंश असतं, तेव्हा ३ मिलिमीटरचा सूट पुरतो. थंड पाण्याच्या तलावात ७ मिलिमीटरच्या सुटात शिकलेला माणूस तेच शिसं इथे बांधतो आणि दगडासारखा खाली जातो. नेहमी दिसणारी चूक आहे ही.

मीठभाकर
पण हातमोज्यांचं काय? खडक धारदार, वर हात लागला की आग होणारं फायर कोरल. सुरक्षेच्या दृष्टीने मोजे हवेतच ना?

शिसंभर
मीठभाकर, मोज्यांमुळे हात वाचतो हे खरं. पण हात वाचतो म्हणूनच माणूस बिनधास्त धरतो. उघड्या हाताला फायर कोरलची भीती असते आणि ती भीती पार्कला हवीच आहे. वैद्यकीय कारण असेल तर परवानगी मागता येते. रात्रीच्या डाईव्हला रसायनाच्या चमकणाऱ्या कांड्याही चालत नाहीत, टाकीला छोटा बॅटरीचा दिवा लावा. नांगर टाकायलाही बंदी आहे, बोटी बांधून ठेवलेल्या मुरिंगलाच (तळाशी पक्क्या केलेल्या दोराच्या बोयालाच) लागतात.

उतरताना हाताची गरजच पडू नये. सगळा खेळ पायांचा आहे, त्यावर कुणीतरी लिहा.

कातळकडा
लिहितो. बोनेरचा किनारा म्हणजे झिजून टोकदार झालेला जुना प्रवाळखडक, त्याला आयर्नशोअर म्हणतात. वाळूचे पट्टे मोजकेच.

जाड तळव्याचे बूट घ्या. पातळ निओप्रीनचे (रबरी) पायमोजे इथे फाटतात. त्यावर टाचेला पट्टा असलेले फिन्स. पोहण्याच्या तलावातले पाऊल झाकणारे फिन्स आणलेत तर किनाऱ्यावर अनवाणी उभं राहायची वेळ येईल.

आधी सामान न चढवता पाण्याकडे पाच मिनिटं बघा. लाटा टोळीने येतात : तीन-चार मोठ्या, मग थोडी उसंत. त्या उसंतीत उतरायचं. जॅकेट अर्धं फुगवलेलं, मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारं यंत्र) तोंडात, फिन्स हातात. मास्क कपाळावर ठेवलात तर पहिलीच लाट घेऊन जाईल. जोडीदाराचा हात धरा आणि पाऊल न उचलता घासत घासत सरका, कारण शेवाळाखालचे खळगे दिसत नाहीत. पाणी कमरेच्या वर आलं की तरंगा आणि मगच फिन्स चढवा. गुडघाभर पाण्यात एका पायावर उभं राहून फिन चढवणारा पडतो. पडताना हात टेकतो आणि तिथे नेमकी समुद्री साळिंदरं असतात.

बाहेर येताना उलट क्रम. फिन्स काढले की लगेच उभे राहा, आणि रेग्युलेटर कोरड्या जमिनीवर पोचेपर्यंत तोंडातच ठेवा.

कोकणातून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भरती-ओहोटीचं कोष्टक इथे बघावं लागत नाही, फरक जेमतेम फूटभर असतो. बघायचा तो वारा. तो बहुतेक वर्षभर पूर्वेकडून वाहतो म्हणून पश्चिम किनारा शांत राहतो. पण दूर उत्तरेकडून वादळ गेलं की वारा उलटतो आणि याच शांत किनाऱ्यावर लाटा आदळतात. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये लेनी वादळ पश्चिमेकडून पूर्वेला गेलं. बेटाला थेट धडक न बसताही उथळ रीफची वाताहत झाली. वारा उलटलेला असेल त्या दिवशी डाईव्ह नको.

सागरगोटा
उत्तम. सुरुवातीला कुठल्या साईट घ्याव्यात? तारकर्लीला स्कूबा केलेला आमचा आणखी एक मित्रही येईन म्हणतोय, कार्ड नाही.

खाजणवाट
तारकर्ली-मालवणला पर्यटक जे करतात ती बहुधा ट्राय डाईव्ह असते. प्रशिक्षक मागून टाकी धरतो, खोली चार-सहा मीटर. अनुभव म्हणून छान, पण ते प्रमाणपत्र नव्हे. बोनेरला त्याला टाकी मिळणार नाही. त्याने आधी तीन-चार दिवसांचा ओपन वॉटर कोर्स करावा किंवा तुमच्याबरोबर स्नॉर्केल करावं. उथळ भागात स्नॉर्केलवाल्यालाही भरपूर दिसतं.

साईटचं म्हणाल तर चेक डाईव्हनंतर एक-दोन दिवस शहराजवळ, उतरायला सोप्या जागी करा. अँजल सिटी, ॲलिस इन वंडरलँड या दक्षिणेच्या साईटवर दोन समांतर रीफ आहेत, मध्ये वाळूची पन्हाळ. वर्णन वाचून लगेच दुसऱ्या रीफवर जायचा मोह होतो, पण परतीची हवा मोजून जा. हिल्मा हूकर हे ७२ मीटरचं जहाज १९८४ मध्ये बुडालं, ते ३० मीटरवर कुशीवर पडलंय. ओपन वॉटर कार्डाची मर्यादा १८ मीटर, त्यामुळे तुम्हाला त्याचा वरचा भागच. आत शिरू नका. सॉल्ट पिअर सुंदर आहे, पण मिठाचं जहाज लागलेलं असेल तर तिथे उतरायला बंदी. थाउजंड स्टेप्सला हजार नव्हे, सत्तरेक पायऱ्या आहेत. टाकी पाठीवर घेऊन वर चढताना मात्र हजार वाटतात.

उत्तरेचा किनाऱ्यालगतचा रस्ता पुढे एकेरी होतो. कार्पाटा या साईटच्या आधीची साईट चुकली तर मागे वळता येत नाही, रिंकोन गावावरून अख्खा फेरा पडतो. गाडीत काहीही ठेवू नका, पाकीटही नाही. स्थानिक लोक काचा उघड्याच ठेवतात, म्हणजे निदान काच फुटत नाही.

उलटाप्रवाह
हवेचा हिशेब राहिला. बहुतेक साईटवर किनाऱ्यापासून थोडं अंतर ५ ते १० मीटर खोलीचा सपाट पट्टा असतो, मग उतार सुरू. उताराच्या कडेला पोचलात की थांबा आणि एक खूण पक्की करा : मुरिंगचा दोर, एखादं मोठं पोवळं, काहीही. मग समुद्रपंख्यांकडे (पंख्याच्या आकाराच्या मऊ पोवळ्यांकडे) बघा. ते ज्या बाजूला झुकलेत तिकडे प्रवाह चाललाय. तुम्ही त्याच्या उलट दिशेने निघा.

२०० बारने सुरुवात असेल तर १३०-१४० वर वळा. परतताना प्रवाह मदत करतो, खूण सापडते आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबूनही ५० बार उरतात. हे उलटं केलं, म्हणजे जाताना प्रवाहाबरोबर गेलात, तर येताना दमछाक होते. मग माणूस मिळेल तिथे बाहेर पडतो आणि टाकी पाठीवर घेऊन आयर्नशोअरवरून अर्धा किलोमीटर चालतो. घोटे याच प्रकारात मुरगळतात.

नायट्रॉक्सचं (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचं) कार्ड असेल तर तीच हवा घ्या, दिवसाला तीन-चार डाईव्ह होतात तिथे. ३२ टक्के ऑक्सिजन असेल तर खोलीची मर्यादा, ऑक्सिजनचा दाब १.४ बार धरून, साधारण ३३ मीटर. टाकीतला ऑक्सिजन स्वतः मोजून वहीत सही केल्याशिवाय ती उचलायची नाही. शेवटच्या डाईव्हनंतर विमानाआधी निदान १८ तास. म्हणजे परतीच्या आदल्या दिवशी दुपारी सामान वाळत घाला. बेटावर रिकम्प्रेशन चेंबर (दाब बदलल्याने आजारी पडलेल्या डायव्हरवर उपचार करायची खोली) आहे, पण विमा घेतल्याशिवाय जाऊ नका.

प्रवाळपंथी
तिसरा प्रश्न माझा. रोगाचं नाव स्टोनी कोरल टिश्यू लॉस डिसीज. २०१४ मध्ये मायामीजवळ पहिल्यांदा दिसला आणि २०२३ च्या मार्चमध्ये बोनेरला पोचला. वीसहून जास्त जातींना होतो. मेंदूसारखी गोल पोवळी, भूलभुलैया पोवळं आणि खांब पोवळं ही त्याची पहिली गिऱ्हाइकं. शेकडो वर्षांचं पोवळं काही आठवड्यांत सांगाडा होतं.

पाण्यात पांढरं दिसलं की लोक 'ब्लीचिंग' (पाणी तापून पोवळ्याचा रंग उडणं) म्हणून मोकळे होतात. फरक असा : ब्लीचिंगमध्ये मांस शाबूत असतं, जवळून पाहिलं तर पारदर्शक पॉलिप (पोवळ्याचे इवले जीव) दिसतात, आणि पाणी निवलं तर पोवळं सावरू शकतं. रोगात मांसच गळून जातं. पांढरा नागडा सांगाडा आणि त्याला लागूनच निरोगी रंग, मध्ये स्पष्ट सीमा. आणि ओरखडल्यासारखे छोटे पांढरे चट्टे असतील तर ते बहुधा पॅरटफिशचे चावे. ते चालतात. पॅरटफिश शेवाळ खातो म्हणून बोनेरने २०१० मध्ये त्याच्या मासेमारीवर बंदी घातली.

आता धुण्याचं. कॅरिबियनमधल्या दुसऱ्या बेटावरून किंवा फ्लोरिडातून सामान येत असेल तर हे टाळू नका.
फिन्स, शिसं, पाण्याखाली लिहायची पाटी, जाळीच्या पिशव्या असल्या दणकट वस्तू : एक लिटर पाण्याला १० मिलिलिटर घरगुती ब्लीच, १० मिनिटं बुडवा.
रेग्युलेटर, जॅकेट, सूट : ब्लीच नको, रबर आणि शिलाई खराब होते. क्वाटर्नरी अमोनियम प्रकारचं जंतुनाशक बाटलीवर दिलेल्या प्रमाणात वापरा. जॅकेटच्या आतही थोडं ओतून हलवा. आत साठलेलं समुद्राचं पाणी सगळे विसरतात.
मग गोड्या पाण्याने खळखळून धुवा आणि पूर्ण वाळवा. वापरलेलं पाणी मोरीत टाका, समुद्रात नव्हे.

बेटावर डाईव्ह सेंटरमध्येच धुण्याची सोय असते. आधी रोग नसलेल्या भागात डाईव्ह आणि रोगट भागात दिवसाच्या शेवटी, हा क्रम पाळा.

मीठभाकर
औषध नाही का यावर?

प्रवाळपंथी
आहे, पण पुरतं नाही. अमॉक्सिसिलिन एका खास मलमात १:८ वजनी प्रमाणात मिसळून रोगाच्या कडेवर लिंपतात. ती कड थांबते, पण त्याच पोवळ्यावर दुसरीकडे नवी कड उघडू शकते, म्हणून परत परत जावं लागतं. हजारो पोवळ्यांना एकेक करून लिंपणं शक्य नाही, तेव्हा मोठी, जुनी, प्रजननक्षम पोवळी निवडतात. परवान्याशिवाय कुणी करायचं काम नव्हे हे.

कातळकडा
मग ते पोवळ्यांचं 'वृक्षारोपण' कितपत खरं? मला तरी तो फोटोपुरता उद्योग वाटतो.

प्रवाळपंथी
कातळकडा, शंका अर्धी बरोबर आहे. रीफ रिन्यूअल फाउंडेशन बोनेरचं काम प्रामुख्याने स्टॅगहॉर्न आणि एल्कहॉर्न या दोन फांदीदार जातींवर उभं राहिलं. पाण्यात मधोमध तरंगणारं फांद्यांचं 'झाड' असतं. त्याला बोटभर तुकडे नायलॉनच्या दोऱ्याने लटकवतात. वाळूपासून उंच असल्यामुळे गोगलगायी आणि फायरवर्म पोचत नाहीत, आणि चहूबाजूंनी पाणी फिरल्याने वाढ भरभर होते. सहा महिने ते वर्षभरात रीफवर लावण्याजोगे होतात. स्टॅगहॉर्न बांबूच्या चौकटींना बांधतात. बांबू कुजेपर्यंत फांद्या एकमेकींत गुंततात. एल्कहॉर्न खडकावर इपॉक्सीने बसवतात.

बिघडतं कुठे? साफसफाई चुकली की. झाडाच्या दांड्यांवर शेवाळ आणि फायर कोरल चढतं आणि तुकडे गुदमरतात. स्वयंसेवक डायव्हरचं खरं काम म्हणजे ब्रश घेऊन तासभर घासणं. कोर्स करून तुम्हालाही करता येतं, पण बॉयन्सी, म्हणजे पाण्यात तोल राखणं, पक्की असेल तरच घेतात.

तुमच्या शंकेचा उरलेला अर्धा भाग असा : या दोन जातींना वरचा रोग होत नाही, पण उष्णता त्यांना आधी मारते. सप्टेंबर ते नोव्हेंबर वारा पडतो, समुद्र काचेसारखा होतो, डायव्हर खूश. त्याच काळात पाणी तापतं. २०२३ मध्ये नेमकं हेच झालं. शिवाय एकाच पोवळ्याचे तुकडे म्हणजे एकच वाण. सगळ्या शेतात एकच कलम लावल्यासारखं. म्हणून आता अंडी-बीज गोळा करून नवी पिलं वाढवण्याकडे कल आहे.

निवटी
लायनफिशबद्दल कुणी बोललं नाही. आपल्या हिंद महासागरातला, लक्षद्वीप-अंदमानात घरचा मासा. तिकडे उपरा. बोनेरला २००९ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा दिसला. तिथल्या लहान माशांना हा शिकारी ओळखूच येत नाही, आणि मादी वर्षात वीस लाखांपर्यंत अंडी देते. बेटावर भाल्याने मासेमारी १९७१ पासून बंद आहे. लायनफिशपुरता अपवाद, तोही प्रशिक्षण आणि परवाना घेऊन, ठरलेल्याच हत्याराने. पर्यटकाने फक्त बघायचं. पाठीवर १३, पोटाकडे २, गुदपराला ३ असे १८ विषारी काटे. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम, ४३ ते ४५ अंशांच्या पाण्यात तो भाग ३० ते ९० मिनिटं बुडवा आणि डॉक्टरकडे जा. पाणी आधी न दुखावलेल्या हाताने तपासा. वेदनेत भाजल्याचं कळत नाही. ताटातला लायनफिश बिनधास्त खा. मांसात विष नसतं, आणि चव पापलेटप्रेमींना आवडेल अशी.

शीडवाला
विंडसर्फिंगवाल्यासाठी. लाक बे, पूर्व किनारा, सोरोबोनची बाजू. तोंडावर रीफ असल्याने लाटा बाहेरच फुटतात, आत पाणी कमरेभर. वारा पूर्वेचा, त्यामुळे शीड सुटलं तरी तुम्ही खाडीच्या आत वाहत जाता, खुल्या समुद्रात नाही. शिकायला याहून बरी जागा विरळा. साधारण जानेवारी ते ऑगस्ट वारा जोमदार.

उथळ पाण्याचा तोटा असा की पडलं की माणूस उभा राहतो, तो समुद्री गवतावर. हे गवत म्हणजे हिरव्या कासवांचं कुरण. बोर्डवर पोटाने चढायला शिका. उभं राहावंच लागलं तर वाळूच्या पट्ट्यात, पाय घासत, कारण पाकट आणि उलटी पडून राहणारी कॅसिओपिया जेलीफिश दोन्ही आहेत. शिंपले, शंख उचलू नका, रिकामेही नाही.

काईट (पतंगाच्या ओढीने बोर्डवर सरकणं) मात्र लाकमध्ये नाही. ते दक्षिणेला अटलांटिस बीचवर. तिथे वारा जमिनीकडून समुद्राकडे ढकलतो. काईट पडला की तुम्ही खुल्या समुद्रात वाहत जाता, म्हणून मागे उचलणारी बोट असल्याशिवाय जायचं नाही.

खाजणवाट
स्नॉर्केलवालीसाठी क्लाईन बोनेर. पाणटॅक्सी प्रवाहाच्या वरच्या अंगाला सोडते आणि आपण तरंगत नो नेम बीचला येतो. बेट निर्मनुष्य आहे. पाणी, संडास यांतलं काहीच नाही. माणशी दोन लिटर पाणी न्या, कचरा परत आणा. कासव दिसलं तर थांबा, मागे लागू नका. ते श्वासाला वर येत असेल तर वरून रस्ता मोकळा ठेवा. वाळूत काठ्या-दोऱ्यांनी आखलेला चौकोन दिसला तर ते घरटं असतं, तिथे टॉवेल पसरू नका.

सागरगोटा
सगळ्यांचे आभार. सनस्क्रीन इथूनच नेऊ का?

निवटी
नेताना मागची बारीक अक्षरं वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनवर बोनेरमध्ये २०२१ पासून बंदी आहे. 'रीफ सेफ' हे शब्द कुणीही छापतं, त्यांना अर्थ नाही. झिंक ऑक्साईडचं घ्या, तेही चेहरा, मान आणि पायांच्या मागच्या बाजूला पुरेल इतकंच. बाकी अंगाला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. स्नॉर्केल करताना पोटऱ्यांचा मागचा भाग सगळ्यात जास्त भाजतो, तिथे शर्ट पोचत नाही, म्हणून लांब पायांची लेगिंग घाला.